तळ्याकाठची कुंपणे

पावसाळा आला की नद्या, तळी, धबधबे आणि पाण्याने भरलेल्या खाणी यांत उतरण्यास मनाई करणारे हुकूम निघावेत, ही गेल्या काही वर्षांत गोव्यात रीतच होऊन बसली आहे. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 144 व्या कलमाखाली निघत. 1 जुलै 2024 पासून त्याची जागा नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या 163 व्या कलमाने घेतली. कलम बदलले, वृत्ती बदलली नाही. 2023 च्या जुलैत नेत्रावळीतील मैनापी धबधब्यावर दोघे बुडाले आणि वनखात्याने अभयारण्यांतील धबधब्यांची वाट सरसकट बंद केली. पूर आलेल्या पाण्यात कोणी उतरू नये, याविषयी दुमत नाही. परंतु बंदी हाच जेव्हा एकमेव उपाय ठरतो, तेव्हा त्याची चिकित्सा करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

गोमंतकीयांचे पाण्याशी नाते काही पर्यटन खात्याच्या पुस्तिकेपासून सुरू झालेले नाही. 24 जूनला, सांजावाच्या दिवशी, डोक्यावर फुलापानांची कोपेल घालून तरुण विहिरींत व तळ्यांत उड्या घेतात. 29 जूनला होड्या एकमेकींना बांधून सांगोड निघतो. साखळीजवळ विठ्ठलापूर येथे त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री वाळवंटीच्या पात्रात नौका सोडल्या जातात. पाठीला सुके नारळ बांधून गावच्या तळ्यात पोहायला शिकलेली पिढी अजून आपल्यात आहे. ही तळी पुष्कळ ठिकाणी कोमुनिदादीची. त्यांतील मासळीचा लिलाव होई. काठावर बसण्याचा वा पाण्यात डुंबण्याचा लिलाव झाल्याचे मात्र आमच्या ऐकिवात नाही.

आता चित्र निराळे दिसते. नदीकाठची जमीन विकली जाते, नव्या मालकाचा चिऱ्यांचा गडगा उभा राहतो आणि पिढ्यान्‌पिढ्यांची पाणंद त्यात गडप होते. ती एक-चौदाच्या उताऱ्यावर नोंदलेली नसेल, तर गावकऱ्याच्या शब्दाला कचेरीत किंमत उरत नाही. 2016 च्या कायद्याने मांडवी, जुवारी, कुंभारजुवे कालवा, शापोरा, म्हापशाची नदी व साळ हे सहा प्रवाह राष्ट्रीय जलमार्ग ठरले, तेव्हा नद्या कोणाच्या, हा प्रश्न हिरिरीने विचारला गेला. पण चर्चा झाली ती कोळशाची आणि बार्जींची. काठावरच्या पायवाटेची कोणाला आठवण झाली नाही. पणजीपुढे मांडवीच्या पात्रात कॅसिनोंची जहाजे नांगर टाकून आहेत. द्यूताला नदीत जागा मिळते आणि पोहणाऱ्या पोराला मिळत नाही, हा न्याय आम्हांला तरी उमजत नाही!

बियास नदीकाठच्या एका हॉटेलाच्या प्रकरणात 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्धपणे सांगितले आहे की, नद्यांसारख्या निसर्गसंपत्तीचे सरकार हे मालक नसून विश्वस्त आहे. विश्वस्ताने ठेव कुलुपात घालून हक्कदारालाच बाहेर ठेवले, तर त्यास काय म्हणावे?

शिवाय बंदीने पोहणे थांबत नाही, ते जागा बदलते. गावच्या तळ्याला पायऱ्या असतात, काठावर धुणे धुणारी माणसे असतात, एखादा बुडू लागला तर हाक ऐकणारा कोणीतरी असतो. तेथून हुसकलेली मुले चिऱ्यांच्या सोडून दिलेल्या खाणीकडे वळतात. तिच्या भिंती सरळ तासलेल्या; उथळ कड नाही, पाय टेकायला जागा नाही, हाक ऐकायला माणूस नाही. अशा खाणींना कुंपण घालणे ज्यांच्यावर बंधनकारक व्हावयास हवे, त्यांना सोडून कायद्याचा बडगा मुलांवर उगारला जातो.

2008 पासून किनाऱ्यांवर जीवरक्षक आहेत, ही गोष्ट स्वागतार्हच आहे. आतल्या गावांनी काय पाप केले? प्रत्येक पंचायतीने एक घाट ठरवावा, खोलीचा फलक लावावा, दोर व तरंगती कडी ठेवावीत आणि मे महिन्यात, तसेच रविवारी, गावातलाच एखादा पट्टीचा पोहणारा मेहनताना देऊन नेमावा. पाण्याकडे जाणाऱ्या वाटांची यादी ग्रामसभेत वाचून ती भूमापन खात्याकडून नोंदवून घ्यावी. खर्चाची सबब पुढे करणाऱ्यांनी एका सरकारी महोत्सवाचा मांडव किती रुपयांना पडतो, ते आधी सांगावे. पुढील मे महिन्याची सुट्टी लागण्यापूर्वी बारा तालुक्यांत निदान बारा घाट तयार होतात की नाही, इकडे आमचे लक्ष राहील.