बायका कुठे घोरतात?

घोरणं हा आपल्याकडे पुरुषांच्या बाबतीत विनोदाचा आणि बायकांच्या बाबतीत लाजेचा विषय आहे. "अण्णांनी काल रात्रभर ट्रॅक्टर चालवला" असं म्हटलं की सगळे हसतात, अण्णाही मिशीतल्या मिशीत हसतात. पण "काकू काल रात्रभर घोरत होत्या" हे वाक्य चारचौघांत कधी ऐकलंय तुम्ही? ऐकलंच तर काकूंच्या माघारी, दबक्या आवाजात. डाराडूर झोपायचा हक्क पुरुषांचा. बाईची झोप कशी, तर शेजारच्या पोराने कूस बदलली तरी जाग येईल अशी. घोरणारी बाई म्हणजे जणू घर वाऱ्यावर सोडून झोपलेली!

हे सगळं डोक्यात घोळायला लागलं ते मी स्लीप स्टडी करून आले तेव्हापासून. म्हणजे रात्रभर अंगाला वायरी लावून झोपायचं आणि यंत्रांनी आपल्या झोपेची नोंद ठेवायची. माझं वय बावन्न. सकाळी उठल्यावर डोकं जड, दिवसभर मरगळ, आणि दोन गोळ्या घेऊनही रक्तदाब हटायला तयार नाही. थायरॉइड, हिमोग्लोबिन सगळं तपासून झालं, ठीक निघालं. "पाळी गेल्यावर व्हायचंच थोडंफार" हेही ऐकून झालं. मग दिवाळीला लेक आली, माझ्या खोलीत झोपली आणि सकाळी म्हणाली, "आई, तू घोरतेस. घोरता घोरता मधेच एकदम गप्प होतेस, श्वासच ऐकू येत नाही. मला भीती वाटली गं." आमच्या घरी घोरण्याचा मक्ता नवऱ्याकडे आहे, त्यामुळे त्याला माझं काही ऐकू यायचा प्रश्नच नव्हता.

तपासणीच्या सूचना वाचूनच पहिल्यांदा हसू आलं. केस धुऊन या, तेल लावू नका, नेलपॉलिश नको, दुपारनंतर चहा-कॉफी नको, दिवसा डुलकी काढू नका. रात्री नऊच्या सुमाराला पोचले. हॉटेलसारखी दिसायचा प्रयत्न करणारी एक खोली, आणि पलंगाच्या वर छताला कॅमेरा.

मग तासभर वायरी. डोक्यावर चिकट पेस्ट लावून, मेंदूतल्या लहरी टिपायला. डोळ्यांच्या कडेला, बुबुळांची हालचाल कळावी म्हणून. हनुवटीवर, दोन्ही पोटऱ्यांवर, छातीवर. छातीला एक पट्टा, पोटाला एक पट्टा. नाकाशी हवेचा प्रवाह मोजणारी बारीक नळी, गळ्याशी घोरणं टिपणारा सेन्सर, बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा. मंगळसूत्र, बांगड्या आधीच पर्समध्ये गेल्या होत्या. नंतर शेजारच्या खोलीतून स्पीकरवर आवाज, "मॅडम, मान न हलवता उजवीकडे बघा. डावीकडे बघा. दात आवळा. आता घोरल्यासारखा आवाज काढा." उभ्या आयुष्यात मला कुणी घोरायला सांगितलं नव्हतं! सगळे सेन्सर नीट चालतात की नाही हे बघायची ही रीत.

माझी टेक्निशियन मुलगी होती, कारण मी फोनवर तसं विचारून घेतलं होतं. हे मुद्दाम सांगते. परक्या जागी, कॅमेऱ्याखाली, गाऊनमध्ये रात्र काढायची या कल्पनेनेच कितीतरी बायका ही तपासणी टाळत असतील. विचारायला संकोचू नका.

"एवढ्या वायरींत झोप लागते का?" हे मला सगळ्यांनी विचारलं. लागते. चांगली लागत नाही, पण कामापुरती लागते. नव्या जागी पहिल्या रात्री झोप धड न लागणं हे शास्त्रालाही माहीत आहे. 2016 साली ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की अशा रात्री मेंदूचा एक अर्धा भाग दुसऱ्यापेक्षा जास्त सावध राहतो, पहारा दिल्यासारखा. (तान्ह्या बाळाच्या आईला हे सांगायला विद्यापीठ कशाला हवं, पण असो.) रात्री बाथरूमला जायचं तर बेल वाजवायची, ती मुलगी येऊन वायरींचा जुडगा सोडवणार आणि तो गळ्यात अडकवून आपण जायचं. लाज वाटली? पहिल्या वेळी वाटली. दुसऱ्या वेळी नाही. सकाळी मी तिला म्हटलं, "माझा तर डोळ्याला डोळा लागला नाही." ती हसून म्हणाली, "सगळे हेच म्हणतात. तुम्ही पाच तास झोपलात."

रिपोर्ट नंतर आला. झोपेत श्वास दहा सेकंद किंवा जास्त थांबणं, किंवा तेवढा वेळ खूप उथळ होणं, असं तासाला किती वेळा होतं ते मोजतात. पाचाच्या आत असेल तर ठीक. पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, तिसाच्या वर तीव्र. माझा आकडा एकोणीस. पण ज्या झोपेत आपल्याला भरपूर स्वप्नं पडतात तेवढीच वेगळी काढली तर एक्केचाळीस! ही स्वप्नांची झोप पहाटेकडे जास्त असते आणि तिच्यात स्नायू सैल पडतात, घशातली वाटही. श्वास अडतो, ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून क्षणभर जागा होतो, पुन्हा झोप. आपल्याला यातलं काहीही आठवत नाही. सकाळचं जडावलेलं डोकं आणि न हटणारा रक्तदाब यांचा याच्याशी संबंध असू शकतो हे डॉक्टरांनी समजावलं तेव्हा मला रडू आलं. वाईट वाटून नव्हे. मरगळ खरी होती, तिला आकडा होता, म्हणून.

आता माझा मुद्दा. हा आजार पुरुषांत जास्त आढळतो हे खरंच आहे. पण पाळी गेल्यावर बायकांतही त्याचं प्रमाण वाढतं. शिवाय बायका डॉक्टरकडे जाऊन "मी घोरते" असं सांगत नाहीत. त्या म्हणतात थकवा, डोकेदुखी, झोप लागत नाही, मन लागत नाही. मग टॉनिक मिळतं, झोपेची गोळी मिळते, नाहीतर "जरा मन रमवा" असा सल्ला मिळतो.

आणि त्या प्रश्नावल्या! दिवसाची पेंग मोजायला 1991 साली ऑस्ट्रेलियात तयार झालेली एक प्रश्नावली सगळीकडे वापरतात. आठ प्रश्न, प्रत्येकी शून्य ते तीन गुण. दुपारी सवड मिळाल्यावर आडवं पडलात तर डोळा लागेल का? दुपारच्या जेवणानंतर (दारू न पिता) शांत बसलात तर? तासभर गाडीत मागे बसलात तर? मी मनाशी म्हटलं, बाबा रे, दुपारी सवड मिळाली तर ना! जेवणानंतर ओटा आवरायचा असतो. गाडीत मागे नाही, मी स्कूटर चालवते. ज्या बाईला दिवसभर टेकायलाच मिळत नाही तिला पेंग येते की नाही हे या प्रश्नांतून कसं कळणार? गुण कमी पडतात आणि कागद म्हणतो, ठीक आहे.

घरच्या घरी करायची छोटी तपासणीही असते. सोयीची आहे आणि पुष्कळांना पुरते, तिला नावं ठेवायची नाहीत. पण तिच्यात सहसा मेंदूच्या लहरी नोंदवत नाहीत, म्हणून तुम्ही नक्की किती झोपलात आणि किती वेळा दचकलात हे तिला कळत नाही. बायकांचे श्वास पुष्कळदा थोडाच वेळ अडतात, पूर्ण थांबण्याऐवजी उथळ होतात, किंवा माझ्यासारखे स्वप्नांच्या झोपेतच अडतात. ते अशा तपासणीतून निसटू शकतात. तेव्हा ती 'नॉर्मल' आली आणि त्रास तसाच राहिला तर गप्प बसू नका. पूर्ण रात्रीच्या तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारा.

एका रात्रीची गैरसोय, हजारांतला खर्च आणि केसांतली पेस्ट काढायला दोनदा न्हाणं. मला विचाराल तर सौदा महाग नाही. अवघड पुढचंच आहे. आता मी मास्क लावून झोपते. 1981 साली सिडनीच्या कॉलिन सलिव्हन या डॉक्टरांनी हा उपाय जगापुढे मांडला. हवेच्या हलक्या दाबाने घशातली वाट उघडी राहते, बस्स. पहिला महिना नको नको झालं. आता सकाळी डोकं हलकं असतं. रक्तदाबाचं डॉक्टर बघताहेत, त्यावर मी आत्ताच काही बोलणार नाही.

मध्यंतरी पुतणीच्या लग्नाला गेले होते. कार्यालयात बायकांच्या खोलीत एका ओळीत बारा गाद्या. मशीन काढावं की राहू द्यावं? काढलं. एक आत्याबाई म्हणाल्या, "अगं बाई, हे काय?" मी म्हटलं, "मी घोरते, त्यावरचा उपाय." खोलीत क्षणभर शांतता. मग एक जाऊ हळूच जवळ येऊन बसली. "वन्सं, सकाळी डोकं दुखतं म्हणालात ना तुम्ही? माझंही दुखतं हो..."

आम्ही बराच वेळ बोलत बसलो. तुमच्याही घरात सतत दमलेली, चिडचिडी झालेली कुणी आई, बायको, सासू असेल. एक रात्र तिच्या शेजारी जागून तिचा श्वास नुसता ऐका. तिचा तिला तो कधीच ऐकू येणार नाही.