पाव मोठा की अदपाव?

एक चतुर्थांश मोठा की एक अष्टमांश, असे मुलांना विचारले तर पुष्कळदा उत्तर येते, ‘अष्टमांश’; कारण चारांहून आठ मोठे. हा निष्काळजीपणा ठरवून आपण त्यांच्या माथी तिरकस गुणाकाराचा नियम मारतो. आम्हांस हे मान्य नाही. आधीची सारी वर्षे मोजणीत मोठा अंक म्हणजे मोठी राशी हेच त्यांनी अनुभवले. तोच न्याय ती अपूर्णांकास लावतात.

हा दोष एकट्या आपल्या मुलखाचा नाही. १९७८ साली अमेरिकेतील राष्ट्रीय चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना १२/१३ व ७/८ यांची बेरीज अदमासे किती, असे विचारले होते. दोन्ही राशी एकाच्या जवळ, म्हणून उत्तर २. ते शेकडा २४ मुलांनीच दिले. निम्म्याहून अधिकांनी १९ किंवा २१ निवडले. अंक दिसले, राशी दिसली नाही.

पावकी-निमकी गेली म्हणून हे घडले, असे आपल्यांतील वडीलधारे म्हणतात. परंतु ते पाढे सोळा आण्यांच्या हिशेबाला सोयीचे होते. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि ती गरज ओसरली. शिवाय पाठांतराने उत्तर येते, आकार कळतोच असे नाही.

खरे धन त्या पाढ्यांच्या नावांत आहे. पाऊण म्हणजे पाद-ऊन, पावाने उणा. अडीच म्हणजे अर्धतृतीय: दोन पुरे, तिसरा अर्धा. औट म्हणजे अर्धचतुर्थ, साडेतीन. हे शब्द संख्येची जागाच दाखवितात. ‘थ्री बाय फोर’ म्हणताना मूल दोन अंक ऐकते, ‘पाऊण’ म्हणताना एक राशी. अदपाव पावाहून लहान, हे तर नावच सांगते.

किरनापुरातील आपल्या घरांनी ही नावे सोडण्यास शाळेचे माध्यम हे कारण पुरेसे नाही. हिंदीतही पौन, सवा, ढाई आहेतच. तेव्हा हा भाषाभिमानाचा वाद नव्हे. तृतीयांश-पंचमांशांना अशी घरगुती नावे नाहीत. तेथे शून्य ते एक अशी दोरी ताणून तिच्या समान घड्या मुलांकडूनच घालवून घ्याव्यात. भाताच्या या मुलखात तांदूळ मोजण्याचे काम मुलांच्या हाती देणे अवघड नाही. आधी माप हातात, मग नाव तोंडी, शेवटी अंश-छेद पाटीवर. हा क्रम उलटा करून मुलांना मंद म्हणणे हा अन्याय आहे.