बेल्टचा आवाज आणि ‘बदलून बघू’

चेनच्या गाडीचा आवाज शोधताना अंदाज चुकला तरी फारसे बिघडत नाही. चेन ताणून पाहिली, तेल सोडले, नाहीच जमले तर नवे चेन-स्प्रॉकेट चढवले की गाडी बाहेर. बेल्टच्या गाडीवर हाच अंदाज महागात जातो. मोठ्या हार्लेच्या बहुतेक मॉडेलांत मागचा बेल्ट काढायचा म्हणजे प्रायमरीची बाजू खोलायची आणि स्विंगआर्मही सोडवायचा. त्यात सगळा दिवस जातो. बेल्टबरोबर दोन्ही पुल्या बदलायच्या तर बिल आणखी फुगते. एवढे करून टेस्ट राइडला तोच आवाज पुन्हा आला, आणि मग तो मागच्या ब्रेक पॅडचा निघाला, तर गिऱ्हाइकाला काय सांगणार?

हा प्रश्न आता मोजक्या शोरूमपुरता राहिलेला नाही. दात्यांचा बेल्ट मोटारसायकलच्या मागच्या चाकाला जोडण्याची आजची रीत रुळली ती १९८० च्या हार्ले स्टर्जिसपासून. आपल्याकडे ती ओळखीची झाली २०१४ मध्ये आलेल्या स्ट्रीट ७५० मुळे. हरियाणातल्या बावल इथे जुळणी होणारी ही गाडी २०२० मध्ये बंद झाली, पण विकलेल्या गाड्या रस्त्यावर आहेत आणि त्यांपैकी कितीतरी आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आहेत. दुसरीकडे एथरची स्कूटर आणि रिव्होल्टची मोटारसायकल अशा विजेवरच्या गाड्यांनी बेल्ट गल्लीतल्या गॅरेजपर्यंत आणला. पण आपले कान चेनवर तयार झालेले आहेत आणि हातांच्या सवयीही चेनच्याच.

तीन सवयी आधी सोडाव्या लागतील. पहिली, आवाज आला की ताण वाढवणे. बेल्ट गरजेपेक्षा ताठ झाला की त्याचा भार गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर आणि चाकाच्या बेअरिंगवर पडतो. किरकिर थांबते आणि महिन्याभराने घरघर सुरू होते. दुसरी, तेल किंवा स्प्रे मारणे. बेल्टला वंगण लागत नाही. तेलावर रस्त्याची धूळ बसते, तिची पेस्ट होते आणि ती पुलीचे दाते घासून काढते. मळलेला बेल्ट सौम्य साबणाच्या पाण्याने धुवावा, वाळू द्यावा, एवढेच. तिसरी सवय स्कूटरवरून आली आहे. कायनेटिक होंडापासून ॲक्टिव्हापर्यंत व्हेरिएटरचा व्ही-बेल्ट आपण हाताळत आलो. तो घर्षणाने ओढतो, म्हणून चकाकी आली की कोणी त्यावर पॉलिश पेपर फिरवतो. दात्यांचा बेल्ट घर्षणावर चालत नाही, दाता खाचेत बसून चालतो. त्याला कागद लावणे म्हणजे त्याचे माप बिघडवणे.

मग करायचे काय? आधी मोजायचे. किती मोठा आवाज आहे हे नव्हे, चाकाच्या एका फेऱ्यात तो किती वेळा येतो हे मोजायचे.

समजा मागच्या पुलीला ७० दाते आहेत, पुढच्या पुलीला ३२ आणि बेल्टला १३९. मागचे चाक एकदा फिरले की मागची पुलीही एकदाच फिरते. पुढची पुली तेवढ्यात दोनदा फिरून थोडी पुढे जाते. बेल्टचा मात्र एक पूर्ण फेरा व्हायला चाकाचे जवळपास दोन फेरे लागतात. म्हणजे ‘टक्’ दर फेऱ्याला एकदा येत असेल तर संशय चाकावर, मागच्या पुलीवर, ब्रेक डिस्कवर. दोन फेऱ्यांत एकदा येत असेल तर बेल्टवर. एका फेऱ्यात दोनदा किंवा किंचित जास्त येत असेल तर पुढच्या पुलीवर. या एका मोजणीने निम्मी गाडी संशयातून बाहेर पडते, आणि तिला एकही पाना लागत नाही.

मोजायला गाडी पळवायची गरज नाही. चाकाचा घेर साधारण दोन मीटर धरला तर ताशी सात किलोमीटरला चाक सेकंदाला एकदा फिरते. पळत ढकलण्याचा हा वेग. स्टँडवर हाताने फिरवले तर आणखी सोपे. एक खडूची खूण बेल्टवर, एक मागच्या पुलीवर, शेजारीशेजारी. वर दिलेल्या मापाच्या गाडीत चाकाचे दहा फेरे झाले की पुलीवरून ७०० दाते गेलेले असतात आणि बेल्टचे पाच फेरे म्हणजे ६९५. दोन खुणांत पाच दात्यांचे अंतर पडते. आता आवाज कोणत्या खुणेबरोबर राहिला ते पाहायचे. बेल्टच्या खुणेबरोबर राहिला तर बेल्टचा तो भाग तपासा, पुलीच्या खुणेबरोबर राहिला तर पुली. पुलीच्या खाचेत रुतलेला एक बारीक खडा असा सापडतो, आणि तो काढून टाकणे एवढीच दुरुस्ती असते. मात्र त्या खड्याने बेल्टला कुठे भोसकले आहे का हे पाहिल्याशिवाय गाडी सोडू नये. बेल्टच्या मधोमध लहानसा खळगा असेल तर लक्ष ठेवून चालवता येते. कडेजवळ असेल तर बेल्ट बदलावाच लागतो.

मोजता न येणाऱ्या, सलग आवाजांसाठी रस्ता हवा. आधी आवाज इंजिनच्या फेऱ्यांबरोबर बदलतो की गाडीच्या वेगाबरोबर, हे ठरवा. त्याच वेगाला गिअर बदलून पाहा, मग क्लच दाबून गाडी नुसती घरंगळू द्या. क्लच दाबताच आवाज गेला तर तो इंजिनच्या, प्रायमरीच्या बाजूचा असू शकतो, किंवा बेल्टवर भार असतानाच येणारा. क्लच दाबूनही तो वेगाबरोबरच राहिला तर गिअरबॉक्सच्या पुढच्या पुलीपासून चाकापर्यंत शोधा. त्यानंतर गॅस देताना आणि गॅस सोडताना ऐका. मागचा ब्रेक अगदी हलका टेकवून पाहा. पॅडचा आवाज बहुधा तिथेच बदलतो. गाडी एका बाजूला कलल्यावर घरघर वाढत असेल तर चाकाचे बेअरिंग पाहा. मागे माणूस बसवून पुन्हा एक फेरी मारा, कारण स्विंगआर्म खालीवर होताना बेल्टचा ताण बदलतो; वजन वाढल्यावर उमटणारा आवाज ताणाकडे बोट दाखवतो.

आता आवाजांच्या जातींकडे. सगळ्यात जास्त तक्रार येते ती ‘कुंईकुंई’ची. ही बहुतेक वेळा कोरड्या धुळीची असते, नाहीतर बेल्ट पुलीच्या कडेला घासत असल्याची. पावसाळ्यात कोकणातल्या जांभ्याचा लाल चिखल किंवा बांधकामाजवळचा सिमेंटचा गाळ दात्यांत बसतो, उघडीप पडताच वाळतो आणि गाडी कुरकुरू लागते. चाक हाताने फिरवत बाटलीने साधे पाणी दात्यांवर फवारा. आवाज तात्पुरता गेला किंवा बदलला तर तो बेल्ट आणि पुली जिथे भिडतात तिथला आहे. काहीच फरक पडला नाही तर बेअरिंग किंवा पॅडकडे वळा. धुऊनही आवाज राहिला तर बेल्ट मागच्या पुलीवर कुठे धावतो ते पाहा. कडेला हलका स्पर्श होणे दोष नाही. कडेवर चढून घासणे, बेल्टची एक बाजू चकाकणे, तिथे धाग्यांची लव निघणे ही आस वाकडी बसल्याची लक्षणे. ॲडजस्टरवरच्या खुणांवर भिस्त ठेवू नका. स्विंगआर्मच्या पिव्होटच्या मध्यापासून चाकाच्या ॲक्सलच्या मध्यापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजा.

सलग ‘सूंऽऽ’ असा सूर वेगाबरोबर चढत असेल तर तो दात्यांचा सूर आहे. ७० दात्यांची पुली सेकंदाला पाच वेळा फिरली, म्हणजे गाडी ताशी ३६ किलोमीटरला असली, की सेकंदाला ३५० दाते खाचेत बसतात. थोडा सूर राहणारच. नव्या बेल्टला पहिले काही दिवस जरा जास्त. एकाएकी वाढला असेल तर ताण तपासा. गॅस देता-सोडताना ‘खट्’ असा धक्का बसत असेल तर मागच्या हबमधले रबर, पुलीचे बोल्ट आणि पुढच्या पुलीचे नट व स्प्लाइन पाहा. जोराने गॅस दिल्यावर ‘कडकड’ झाली तर बेल्ट दाते सोडून उडी मारत असण्याची शक्यता आहे. तसे असेल तर गाडी तिथेच थांबवा आणि बेल्ट-पुली पाहिल्याशिवाय हलवू नका.

ताण मोजण्याची रीत सर्वांना माहीत असते, पाळतात थोडे. गाडी थंड हवी, कारण तापल्यावर ॲल्युमिनियम प्रसरण पावते आणि बेल्ट ताठ लागतो. चाक फिरवत बेल्टची सगळ्यात ताठ जागा शोधायची. हार्लेच्या रीतीप्रमाणे खालच्या पदराच्या मध्यावर १० पौंड, म्हणजे साडेचार किलोचा दाब देऊन बेल्ट किती सरकतो ते पाहायचे आणि त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडायचे. अंगठ्याने दाबून ‘बरोबर आहे’ म्हणणे हे चेनवर चालते, इथे नाही.

‘बेल्ट सैल झाला होता, ताणला’ एवढेच जॉब कार्डवर लिहून काम बंद करणे तर आणखी वाईट. बेल्टच्या पोटात ॲरामिडच्या किंवा कार्बनच्या धाग्यांच्या दोऱ्या असतात. सुरुवातीचे थोडे बसणे सोडले तर बेल्ट चेनसारखा वाढत जात नाही. मग स्थिरावलेला बेल्ट सैल झालाच कसा? ॲक्सल सरकला, बेअरिंग खेळू लागले, की पुलीचे दाते झिजले? ताणल्याने आवाज जाईलही, कारण मात्र गाडीबरोबर परत घरी जाईल.

बेल्ट काढावा लागलाच तर तो सांभाळा. पुढच्या पुलीच्या व्यासापेक्षा लहान वळण त्याला देऊ नका, उलटा वाकवू नका, पिळू नका. आतले धागे तुटले तरी बाहेरून दिसत नाही. पारखताना दात्याच्या बुडाशी बारीक चीर दिसली तर लक्ष ठेवा. पाठीवरून आरपार जाणारी चीर, आकड्यासारखा झिजलेला किंवा गळालेला दाता दिसला तर बेल्ट बदला आणि पुल्याही तपासा. झिजलेल्या पुलीवर नवा बेल्ट चढवणे म्हणजे पैसे पाण्यात.

विजेच्या गाड्यांत एक गोष्ट वेगळी आहे. इंजिनच्या गोंगाटात जो आवाज कधी ऐकूच आला नसता, तो इथे गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी ऐकू येतो. त्यामुळे ‘आवाज आहे’ म्हणजे ‘दोष आहे’ असे नाही, हे समजावणे आपल्या कामाचा भाग झाला आहे. मोटर आणि कंट्रोलरचा सूर वेगळा काढायचा असेल तर गाडी बंद करून हाताने ढकला. सूर राहिला तर तो बेल्ट, पुली किंवा चाकाचा, गेला तर विजेच्या बाजूचा किंवा भाराखालचा. शिवाय गॅस सोडल्यावर रिजनरेशन सुरू होते आणि ताण बेल्टच्या दुसऱ्या पदरावर जातो. फक्त तेव्हाच येणारा आवाज त्या बाजूने शोधला पाहिजे.

या सगळ्यात एक नियम कुणासाठीही मोडू नये. चाक स्टँडवर उचलून, गाडी गिअरमध्ये टाकून, इंजिन किंवा मोटर चालू ठेवून बेल्टजवळ हात, फडके किंवा खडू न्यायचा नाही. पुली आणि बेल्टच्या मध्ये बोट गेले की ते वाचत नाही. खूण चाक थांबलेले असताना करायची, फिरवायचे ते हाताने. गॅरेजमधल्या शिकाऊ पोराला खडू देण्याआधी हे सांगा.

आता मुद्द्याचे. हे सारे तपासायला तासभर जातो, आणि त्या तासाचे पैसे आपण लावत नाही. सुट्या भागावर कमवायचे आणि तपासणी फुकट करायची, असा हिशेब आपणच गिऱ्हाइकाला शिकवला. चेनच्या काळात तो चालला, कारण अंदाज स्वस्त होता. बेल्टच्या गाडीवर फुकट तपासणी म्हणजे घाईची तपासणी, आणि घाईची तपासणी म्हणजे नको असलेला बेल्ट. काही जण म्हणतील, ‘गिऱ्हाईक नुसत्या बघण्याचे पैसे देत नाही.’ त्याला खडूची खूण दाखवा, टकटक कोणत्या खुणेबरोबर फिरते ते ऐकवा. पुलीतला खडा हातावर ठेवा. ज्याला बेल्टची किंमत माहीत आहे त्याला वाचलेल्या बेल्टची किंमतही कळते.

म्हणून जॉब कार्डवर तीन रकाने वाढवावेत: आवाज चाकाच्या एका फेऱ्यात किती वेळा, गॅस देताना की सोडताना, गाडी कोरडी-ओली आणि थंड-गरम कशी होती. वर्षभराची अशी कार्डे जमली की आपल्या भागातल्या रस्त्यांवर बेल्टला काय होते, याची माहिती कोणत्याही कंपनीच्या मॅन्युअलपेक्षा आपल्याकडे जास्त असेल. आणि या महिन्यात बेल्टची जी पहिली गाडी आवाजाची तक्रार घेऊन येईल, तिच्या बिलात ‘तपासणी’ अशी वेगळी ओळ लिहा. रक्कम लहान असली तरी चालेल, पण ती ओळ बिलात दिसली पाहिजे.