भिंतीवर कुणाचा चेहरा?

लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीची स्थापना १८५६ साली झाली. चित्र कसे काढले आहे यापेक्षा ते कुणाचे आहे, याला तिथे महत्त्व. देशाच्या इतिहासात ज्याचे नाव झाले, त्याचे चित्र लावायचे. नियम ऐकायला निःपक्षपाती! पण पंतप्रधान, सेनापती, बिशप होण्याची वाटच जिथे बाईला बंद होती, तिथे तो कुणाच्या सोयीचा ठरला, हे तुम्हाला सांगायला नको. इमारतीच्या बाहेर दगडात कोरलेले अर्धपुतळे आहेत, तेही सगळे पुरुषांचेच.

या भिंतींशी बायका भांडल्याही आहेत. १७ जुलै १९१४ रोजी ॲन हंट असे नाव सांगणाऱ्या मताधिकार चळवळीतल्या कार्यकर्तीने तिथल्या टॉमस कार्लाईलच्या चित्रावर सत्तुराने वार केले. आदल्याच दिवशी एमेलिन पँकहर्स्ट यांना पुन्हा अटक झाली होती. त्या काळात सरकारने तुरुंगातल्या अशा बायकांचे चोरून काढलेले फोटो संग्रहालयांना वाटले, पहारेकऱ्यांनी त्यांना ओळखावे म्हणून. एव्हलिन मॅनेस्टा फोटो काढू देत नव्हती. तिला मागून धरून ठेवणारा हात वाटलेल्या प्रतीत पुसून टाकला आणि तिथे गळपट्टा रंगवला! पुढे १९२९ मध्ये याच गॅलरीत पँकहर्स्ट यांचे चित्र आले. ते काढणारी जॉर्जिना ब्रॅकनबरीही चळवळीतलीच. पोलिसांचे ते फोटोही आज गॅलरीच्याच संग्रहात आहेत.

तीन वर्षे बंद राहून गॅलरी जून २०२३ मध्ये पुन्हा उघडली. १९०० नंतरच्या दालनांत स्त्रियांच्या चित्रांचे प्रमाण ३५ वरून ४८ टक्क्यांवर गेले. नव्या दरवाजांवर ट्रेसी एमिनने ४५ स्त्रियांचे चेहरे ब्राँझमध्ये घडवले. हे स्वागतार्हच आहे. परंतु नुसत्या आकड्यांवर समाधान मानायला मी तयार नाही. स्त्रियांची चित्रे वाढवण्याच्या या कामाला पैसा शनेल या सौंदर्यप्रसाधने विकणाऱ्या कंपनीच्या निधीतून आला, याचाही विचार आपण करायला हवा.

माझ्या मते खरा प्रश्न चित्र करवून घेताना सुरू होतो. कुणाचे करायचे हे कोण ठरवते? काढते कोण? आणि त्या बाईची स्वतःची संमती किती? गॅलरीने २०१८ मध्ये मलालाचे चित्र शिरीन नेशात या इराणात जन्मलेल्या कलावतीकडून करवून घेतले. एका चित्रात ती पुस्तक उघडून शाळेच्या बाकावर बसली आहे. मॅनेस्टाच्या फोटोशेजारी हे ठेवून पाहा, फरक लगेच कळतो.

तरीही मलाला जगप्रसिद्ध आहे. दारावरच्या ४५ जणींना नावे नाहीत, आत मात्र नाव झालेल्यांनाच जागा. याला अपवाद होऊ शकतो. कोविडच्या काळात, २०२० मध्ये, लोकांनी पाठवलेल्या ३१,००० हून अधिक फोटोंतून गॅलरीने १०० निवडून प्रदर्शन मांडले. मग नर्स, सफाई कामगार, घरकामगार बाईचे चित्र रीतसर का करवून घेऊ नये?

मैत्रिणींनो, आपल्या संघटनांकडेही मोर्चांचे, शिबिरांचे फोटो पडून आहेत. त्यात पुढाऱ्यांची नावे सर्वांना ठाऊक असतात. बाकीच्या जणींची नावे त्यांनाच विचारून मागे लिहून ठेवूया. आणि फोटो लावायचा की नाही, हेही त्यांनाच विचारूया.