पावतीपुस्तक कुणाच्या कपाटात?

गेल्या महिन्यात वस्तीतल्या एका भगिनीने मला गाठले. एका खाजगी इमारतीत ती ठेकेदारामार्फत झाडलोट करते. म्हणाली, "भाऊ, मुकादम आमच्या सामानाच्या खोलीत बसून दिवसभर सिगारेटी ओढतो. खोलीला खिडकी नाही. मला दम्याचा त्रास. बोलले तर उद्यापासून येऊ नकोस म्हणेल. पोलिसात जाऊ का?"

प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर आपल्यातल्या शिकलेल्या माणसांनाही ठाऊक नसते. म्हणून या वेळी तेच लिहितो.

सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी ही सरकारने आपणहून दिलेली देणगी नव्हे. १९९९ साली केरळ उच्च न्यायालयाने सांगितले की, सार्वजनिक जागी ओढलेल्या सिगारेटचा धूर दुसऱ्याच्या जगण्याच्या हक्कावर, म्हणजे संविधानाच्या कलम २१ वर घाला घालतो. पुढे मुंबईचे मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी रुग्णालये, शाळा, ग्रंथालये, न्यायालये, सरकारी कार्यालये आणि रेल्वे यांत धूम्रपान बंद करण्याचा आदेश दिला. त्यानंतर २००३ चा कायदा आला. खाजगी कचेऱ्या, कारखाने, मॉल, सिनेमागृहे स्पष्ट शब्दांत त्यात आली ती मात्र २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांनी. म्हणजे नोकरीची कोणतीही जागा आता त्यात बसते. मुकादमाची खोलीही बसते आणि साहेबांची केबिनही बसते.

आता मुख्य मुद्दा, दंड कोणी करायचा? बहुतेकांना वाटते पोलिसांनी. पोलिसांना अधिकार आहेच, पण तो फौजदार व त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्याला. नियमांना जोडलेली यादी मात्र लांबलचक आहे. सरकारी कार्यालयात राजपत्रित अधिकारी, शाळेत मुख्याध्यापक व शिक्षक, रुग्णालयात अधीक्षक, पोस्टात पोस्टमास्तर, स्टेशनात स्टेशनमास्तर, वाचनालयात ग्रंथपाल. खाजगी कचेरीत संस्थेचा प्रमुख किंवा प्रशासन बघणारा अधिकारी. पुढे या यादीत सरपंच आणि ग्रामपंचायतीचा सचिव यांचीही भर पडली. आमच्या किती भगिनी आज सरपंचपदाच्या खुर्चीवर आहेत! ग्रामपंचायतीच्या कचेरीत बिडी शिलगावणाऱ्या गावच्या बड्या माणसाला पावती फाडण्याचा अधिकार आपल्याला आहे, हे त्यांतल्या कितीजणींना कुणी सांगितले असेल?

दंड २०० रुपयांपर्यंत. कर्नाटकाने २०२५ मध्ये तो आपल्या राज्यापुरता १००० रुपये केला. पण मी इतकी वर्षे कारकुनी केली, हिशेब लिहिले. माझा अनुभव असा की दंडाच्या रकमेपेक्षा पावतीपुस्तक महत्त्वाचे. पुस्तक छापलेले नसेल, त्यावर क्रमांक नसेल, पैसे कोणत्या शीर्षाखाली भरायचे हे रोखपालाला माहीत नसेल, तर अधिकारी कितीही सज्जन असो, तो दंड घेणार कसा? बिनपावतीचे पैसे घेतले तर तोच अडकायचा! मग तो खाकरून पुढे जातो. कायद्याची अंमलबजावणी इथे, कपाटाच्या कुलपाशी अडते. परिपत्रक आवक नोंदवहीत चढते, नस्तीला लागते आणि संपते.

आणि जिथे पुस्तक असते तिथे पावती कुणाच्या नावे फाटते तेही पाहावे. जिन्यात बिडी ओढणारा शिपाई, हमाल, पहारेकरी. केबिनचे दार लावून, पंखा लावून ओढणाऱ्या साहेबाच्या नावची पावती मी तरी पाहिलेली नाही. शिपायाने बिडी ओढावी असे माझे मुळीच म्हणणे नाही. त्याच्या घरी त्या बिडीने काय होते ते मला ठाऊक आहे. पण कायदा जिन्याच्या खालच्या पायरीलाच लागू आणि वरच्या मजल्याला नाही, असे कुठे लिहिलेले नाही.

याला नियमात एक तोड आहे, तिची चर्चा फारशी होत नाही. दार, जिना, लिफ्ट आणि प्रत्येक मजल्यावर ६० बाय ३० सेंटिमीटरची पाटी लावण्याची, आणि तक्रार कोणाकडे करायची त्या अधिकाऱ्याचे नाव ठळक लिहिण्याची जबाबदारी जागेच्या मालकावर, व्यवस्थापकावर आहे. रक्षापात्र, काडेपेटी पुरवायची नाही. आणि तक्रार येऊनही त्याने काही केले नाही, तर जितके गुन्हे घडले तितका दंड त्याच्यावर. इंग्लंडमध्ये १ जुलै २००७ पासून बंदी आली तेव्हा त्यांनी याच बाजूला जोर दिला. तिथे नगरपालिकांचे आरोग्य अधिकारी जागा तपासतात. ओढणाऱ्याला दंड ५० पौंड, पण ओढू देणाऱ्या मालकाला न्यायालयातून २५०० पौंडांपर्यंत. मालकालाच भीती वाटली की तो आपोआप पहारेकरी होतो. आपल्याकडे मालकाचे दायित्व कागदावर आहे, पण २०० च्या पटीतले. ते मोजणार कोण, तर पुन्हा त्याचाच माणूस!

कुणी म्हणेल, महाराष्ट्रात ओढणारे असे कितीसे? खरे आहे. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत राज्यातले ४ टक्क्यांहूनही कमी प्रौढ धूम्रपान करणारे निघाले. आपला खरा रोग मशेरी, तंबाखू, खर्रा. पण त्याच पाहणीत देशभरात बंदिस्त जागी काम करणाऱ्यांपैकी ३०.२ टक्के लोक कामाच्या जागी दुसऱ्याचा धूर घेत होते. २००९-१० मध्ये हा आकडा २९.९ होता. मधल्या सात वर्षांत, बंदी लागू असताना, तो हललासुद्धा नाही.

तर त्या भगिनीला मी काय सांगितले? एकटीने, स्वतःच्या सहीने अर्ज करू नको. ठेकेदारीतल्या बाईची नोकरी एका फोनवर जाते. चौघीजणींचा किंवा युनियनचा अर्ज इमारतीच्या प्रशासन अधिकाऱ्याच्या नावे द्यायचा, तारीख आणि वेळ घालून, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची. पोच महत्त्वाची, कारण मालकाची जबाबदारी तक्रार मिळाल्यापासून पक्की होते. त्यात मुकादमाविषयी राग लिहायचा नाही. खोली, खिडकी नसणे आणि पाटी नसणे एवढेच लिहायचे. तरीही हालचाल झाली नाही तर तीच पोच जोडून पोलीस ठाण्यात जायचे.

सरकारी कार्यालय असेल तर मार्ग आणखी सोपा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज, १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट आणि तीन प्रश्न: या कार्यालयात दंड करण्यास प्राधिकृत अधिकारी कोण? पावतीपुस्तक कोणत्या तारखेला मिळाले? आजवर किती पावत्या फाडल्या व रक्कम कोठे भरली? तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. 'निरंक' असे उत्तर आले तरी ते सहीशिक्क्यानिशी येते, आणि ते घेऊन पुढच्या अधिकाऱ्याकडे जाता येते. अर्ज कार्यालयाबाहेरच्या माणसाने करावा. आमच्या मंडळाचे कार्यकर्ते रविवारी सकाळी लिहून देतात.

आणि ज्याला बिडी-सिगारेट सोडायची आहे त्याच्यासाठी पाकिटावरच १८००-११-२३५६ हा फुकट फोन छापलेला असतो. मुकादमालाही तो द्यायला मी त्या बाईंना सांगितले आहे.