भाव चढला की शहाणा

ज्याचा कांदा भावात गेला तो शहाणा, ज्याचा चाळीत सडला तो वेडा. आमच्या निफाड तालुक्यात माणसाची अक्कल मोजायचं हे एकच माप आहे आणि ते खोटं आहे.

२०१९ साली आमच्या वस्तीवरच्या एकाचा उन्हाळ कांदा सप्टेंबरपर्यंत चाळीत राहिला. हिशेब करून नव्हे. घरातल्या लग्नाच्या गडबडीत काढायचा राहून गेला. भाव चढला, हातात पैसा आला, आणि त्या दिवसापासून कांदा कधी काढायचा हे अख्खी वस्ती त्याला विचारू लागली. दुसऱ्याने मे महिन्यातच माल मोकळा केला होता. औषध-खताची उधारी डोक्यावर होती, चाळीचा पत्रा गळका होता, पाऊस तोंडावर होता. त्याच्या जागी कुणीही जाणत्या माणसाने तेच केलं असतं. त्याला मात्र घरचे आजही टोचून बोलतात. निकाल लागल्यावर निर्णयाला मार्क देणाऱ्या गावात पुढची पिढी शिकणार काय? फक्त नशीबवान माणसाच्या मागे पळायला.

दुसरं एक वाक्य मला अजिबात सहन होत नाही : 'सरकार कधी काय करील, कुणाला माहीत?' माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे. २९ सप्टेंबर २०१९ ला निर्यातबंदी. १४ सप्टेंबर २०२० ला पुन्हा बंदी. १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यात शुल्क, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य, आणि ८ डिसेंबरला थेट बंदी. चार महिन्यांत तीन फर्मानं काढणाऱ्या दिल्लीला मी माफ करणार नाही. शहरातल्या ताटाची काळजी वाहताना शेतकऱ्याला एका रात्रीत उताणा पाडणं हा कारभार नव्हे. पण जे इतक्यांदा घडलं, ते अचानक घडलं असं आपण कोणत्या तोंडाने म्हणतो? दरवर्षी याच सुमारास चाळीतला माल आटत आलेला असतो, नवा लाल कांदा बाजारात पुरता उतरलेला नसतो, म्हणून भाव चढतो. आणि चढला की बंदी नाहीतर शुल्क येतं. म्हणजे कांदा धरणाऱ्याची वरची पायरी दिल्ली कापते. खालची कुणीच कापत नाही. घट आपली, सड आपली, कोंब आपले. असा डाव खेळायचाच असेल तर थोडा माल ठेवून खेळावा. सगळी चाळ लावून खेळणाऱ्याला मी हिंमतवान म्हणणार नाही.

२०२५ साली तर बंदीही नव्हती. शुल्क १ एप्रिललाच उठलं होतं. तरी भाव आला नाही, आणि आमची चाळ आम्हीच सडवली. उन्हाळ्यात दारात आलेला व्यापारी आमच्या घरच्या आप्पांनी परत पाठवला. जूनमध्ये म्हणाले, थोडं थांबू. ऑगस्टमध्ये चाळीजवळ गेलं की वास यायचा. पाटीभर कांदा उपसला तर वरच्या थरावर काजळी, मधल्यातून हिरवे कोंब, आणि खालच्या थरात हात घातला की बोटं थेट आत जात होती. निवडायला आलेल्या बायका तोंडाला पदर बांधून बसल्या होत्या. त्यांची मजुरी त्या कांद्यातून निघणार नव्हती. तरी आप्पा म्हणाले, 'एवढं थांबलोच आहोत तर अजून पंधरा दिवस बघू.'

हेच ते वाक्य. त्याने माझ्या घराचं जेवढं नुकसान केलं तेवढं गारपिटीने केलेलं नाही. झालेलं नुकसान पुढच्या पंधरा दिवसांचं कारण कसं होऊ शकतं? उरलेल्या कांद्याला माहीत नसतं आपण किती थांबलो ते.

आणि शिकलेली माणसं वेगळी वागतात असंही नाही. मी नाशिकच्या अंबडला कारखान्यात नोकरी करतो. मीटिंगमध्ये साहेब आधी स्वतःचं मत सांगतात आणि मग विचारतात, कुणाला काही बोलायचंय का? कुणालाच नसतं. अशाच एका मीटिंगमधून आलेलं मशीन आज ताडपत्रीखाली उभं आहे. ते का घेतलं, तेव्हा कुणाला कोणती शंका होती, याचा एका ओळीचा कागद नाही. म्हणून आज सगळेच म्हणतात, 'मी तेव्हाच म्हणालो होतो.'

मला हा 'तेव्हाच' कागदावर हवा आहे. आज काय माहीत आहे, कशाच्या भरवशावर थांबतोय, किती भावाला किती माल काढणार, आणि भाव आलाच नाही तर कोणत्या तारखेला गप्प ट्रॅक्टर भरणार. चार ओळी. यंदा चाळ भरल्यावर मी त्या खडूने पत्र्याच्या दारावर लिहिल्या. निम्मा माल लगेच, निम्म्याला शेवटची तारीख ३१ जुलै.

आप्पा मागे येऊन उभे राहिले. 'दारावर लिहून भाव येतो का रे?'

'नाही येत, आप्पा. पण दिवाळीला तुम्ही मला आणि मी तुम्हाला दोष देत बसलो, की आज आपल्याला काय ठाऊक होतं ते या दारावर असेल.'

ते बराच वेळ वाचत राहिले. मग माझ्या हातातला खडू घेतला, ३१ जुलै तळहाताने पुसलं आणि तिथे १५ ऑगस्ट लिहिलं. मी ते तसंच ठेवलं आहे.