गुरं राखणारे सेमिनोल

1936 साली अमेरिकी सरकारने अ‍ॅरिझोनातल्या अपाची आदिवासींच्या वसाहतीतून सुमारे 500 हेरफर्ड जातीची गुरं आगगाडीने फ्लोरिडात धाडली. दुष्काळाने जनावरं आधीच खंगलेली, त्यात तो लांबचा प्रवास. बरीच वाटेतच मेली, काही पोचल्यावर. जी जगली ती ओकीचोबी तलावाच्या वायव्येला, ब्रायटन इथल्या सेमिनोल या मूळनिवासी जमातीच्या लोकांनी सांभाळली आणि वाढवली. आज वासरांच्या पैदाशीत सेमिनोल जमातीचं नाव देशातल्या मोठ्या पशुपालकांत घेतलं जातं.

त्याच ब्रायटनमध्ये दर फेब्रुवारीत ‘फील्ड डे’ भरतो. 1938च्या सुमारास सुरू झालेला हा उत्सव आता रोडिओशिवाय, म्हणजे उसळत्या बैलावर टिकण्याच्या आणि दोराचा फास टाकण्याच्या खेळांशिवाय, ओळखूच येणार नाही. मैदानाबाहेर तळलेल्या फ्रायब्रेडचा वास सुटलेला असतो आणि ताडपत्रांनी शाकारलेल्या, भिंती नसलेल्या ‘चिकी’ झोपड्यांत दुकानं थाटलेली असतात. मगरीशी झटापटीचा खेळही असतो. पण तो वाढला पर्यटकांच्या पैशावर, तेव्हा त्याच्यापाशी फार रेंगाळू नये. थांबावं ते कपड्यांच्या स्पर्धेपाशी. रंगीत कापडाच्या अरुंद पट्ट्या एकमेकींना जोडायच्या, जोडलेलं कापड पुन्हा तिरकं कापायचं, तुकडे सरकवून परत शिवायचे. त्यातून विजेच्या, पावसाच्या नागमोडी ओळी उमटतात. ही कला शिवणयंत्र हाती आल्यानंतरची, म्हणजे जेमतेम शंभर वर्षांची. तरी ती अस्सल सेमिनोलच.

आणि मग रोडिओ. फाटक उघडतं, बैल उसळत बाहेर येतो. स्वाराचा एक हात दोरात घट्ट अडकलेला, दुसरा हवेत. तो मोकळा हात बैलाला किंवा स्वतःला लागला तरी स्वार बाद. टिकायचं फक्त 8 सेकंद. बहुतेक जण त्याआधीच मातीत लोळतात.

सिनेमांनी काउबॉय एका बाजूला आणि ‘रेड इंडियन’ समोर, अशी वाटणी आपल्या डोक्यात पक्की केली आहे. इथे ती टिकत नाही. फ्लोरिडात गुरं आणली स्पॅनिश लोकांनी, पण अठराव्या शतकात अलाचुआच्या गवताळ मैदानावर मोठमोठे कळप राखत होते ते सेमिनोल. त्यांच्या नायकाला, अहायाला, इंग्रज ‘काउकीपर’ म्हणत. 1774 साली त्याच्या गावी गेलेल्या विल्यम बार्ट्रम या निसर्गअभ्यासकाने त्या कळपांबद्दल लिहून ठेवलं आहे. पुढे 1817 ते 1858 दरम्यान तीन युद्धं झाली, गुरं गेली, बहुतेकांना मिसिसिपीपलीकडे हाकलण्यात आलं. काहीशे माणसं दलदलीत तग धरून राहिली. त्यांचे वंशज आजही स्वतःला ‘अजिंक्य’ म्हणवतात.

रोडिओने या लोकांच्या राजकारणालाही हात दिला. 1950च्या दशकात जमातींशी असलेलं नातं तोडून टाकण्याचं धोरण सरकारने घेतलं, त्या यादीत फ्लोरिडातल्या जमातीही होत्या. वॉशिंग्टनला जाऊन बाजू मांडायची तर प्रवासाला पैसे हवेत. तेव्हा बिल ओसिओला या पशुपालकाने रोडिओ भरवून निधी उभा केला. 1957 साली जमातीची घटना मंजूर होऊन तिला केंद्राची मान्यता मिळाली.

1979 नंतर बिंगो आणि कॅसिनोंतून पैसा आला. 2007 साली तर जमातीने हार्ड रॉक हा जगभर पसरलेला उद्योग 96.5 कोटी डॉलरला घेतला. त्या मिळकतीपुढे गुरांचं उत्पन्न किरकोळच. तरीही पोरंसोरं अजून घोड्यावर बसायला आणि दोराचा फास टाकायला शिकतात, ही या जमातीची मला सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते.

फेब्रुवारीत डिस्ने पाहायला ऑर्लँडोला जाणाऱ्या मराठी कुटुंबांनी एक दिवस राखून ठेवावा आणि गाडी दोन-अडीच तास दक्षिणेकडे हाकावी. ‘फील्ड डे’ बाहेरच्यांनाही खुला असतो.